किसनची एस्टीम सोडून

दापोडी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

निशिगंधा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. इन्स्टावर केलंस. मेलचं काय होतं देव जाणे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही, म्हणून हे पत्र. कोइमतूरच्या हॉस्टेलचा पत्ता दिव्याने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या घरासमोर दीड तास उभा होतो. शेवटी तिची आईच म्हणाली, "देऊन टाक बाई त्याला काय हवंय ते, शेजारी बघायला लागलेत."

हे माफीचं पत्र नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारावीशी वाटत नाही.

मला गाडी घ्यायची आहे. जुनी, ट्रॅकवर पळवायला. तुमच्या कोइमतूरच्या ट्रॅकवर डिसेंबरात हौशी लोकांचा दिवस आहे. आपली गाडी आपण आणायची, एकेकट्याला सोडतात, शर्यत घड्याळाशी. चाकणला कंपनीत लागून मला आठ महिने झाले. सीटच्या लोखंडी फ्रेम जोडतो. साठलेल्या पैशात, म्हणजे दीड लाखाच्या आत, गाडी बसायला हवी. तर सांग, काय बघू? ताकद, वजन, का टायर?

रोहिदासमामाचं म्हणणं असं की हलकी बघ. (मामा म्हणजे आईचा भाऊ, धाराशिवचा, इथे रेल्वेलाइनला लागून त्याचं गॅरेज आहे. तुला आठवत असेल, आपल्या टीमला वेल्डिंगच्या कांड्या फुकट द्यायचा तो.) म्हणतो, "ताकद इकत घ्यावी लागती. हलकेपणा फुकट. मागचं सीट काढून फेकलं की झालं."

आज चिखलीच्या एका यार्डात स्विफ्ट बघितली, पेट्रोल. एजंट म्हणाला, "सिंगल हँड, साहेब. डॉक्टरची गाडी." निशिगंधा, या पट्ट्यात विकायला उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते. एवढे डॉक्टर खरोखर असते तर सरकारी दवाखान्यात रांग कशाला लागली असती? पण गाडी दिसायला झकास आहे. आत वासाचा स्प्रे भरपूर मारलाय. मामाने नाक मुरडलं, मला मात्र आवडली.

मामा म्हणतो रावेतला एक एस्टीम विकायला आहे. ती नको. रावेत फार लांब पडतं. पुढच्या आठवड्यात तळेगावला एक होंडा सिटी बघणार आहे.

त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. ब्रेकच्या चाचणीत कॉलेजच्या टीमची आपली गाडी टायरच्या भिंतीवर गेली, ती चालवणाऱ्या किसनचं मनगट मोडलं, आणि तपासणीच्या कागदावर सही तुझी होती. मी सगळ्यांसमोर एवढंच म्हणालो आणि ते खरंच होतं. ओरडून म्हणालो, तेवढं चुकलं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. (चालणार नाही.)

गणराज


दापोडी
रविवार, १९ ऑक्टोबर

निशिगंधा,

तुझं कार्ड आलं. नाव नाही, तारीख नाही, कसा आहेस नाही. नुसत्या दोन ओळी: "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितलास का? वजन किती, पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती?"

मी ते बारा वेळा वाचलं. मग मामाला दाखवलं. तो म्हणाला, "पोरगी हुशार हाय की रे. हिच्याशी कशाला भांडून बसलास?" मी म्हणालो, मी नाही भांडलो, ती भांडली. मामा नुसता स्पॅनर पुसत राहिला.

सीटबेल्टचं मला कळलंच नव्हतं. गाडीत बसून आपण बेल्ट ओढतो तो हातभर. बाकीचा आत गुंडाळीत वर्षानुवर्षं पडलेला असतो आणि तिथे कुणी साबण लावत नाही. परत चिखलीला गेलो, बेल्ट ओढत गेलो, ओढत गेलो. आधी काळा, स्वच्छ. मग एकदम तपकिरी लाट, आणि माझ्या पँटवर बारीक कोरडा गाळ पडला. चारही सीटांवर तीच लाट, एकाच उंचीला.

एजंट म्हणाला, "डॉक्टरांच्या मुलाने चहा सांडला असेल."

मी म्हणालो, "चारही सीटांवर? डॉक्टर राहतात कुठे, पवना नदीत?"

त्याने मला 'ए चल, निघ' म्हटलं आणि मी त्याची कॉलर धरली. लिहायचं नव्हतं, पण लिहिलंच आता. मामाने मला मागून कंबरेला धरून बाहेर काढलं. म्हणाला, "गाडी बघू लागलास का माणसं?"

तर स्विफ्ट गेली. पुराचं पाणी वायरिंगमध्ये एकदा शिरलं की ते कधी कुठे बोलेल सांगता येत नाही, हे तूच एकदा म्हणाली होतीस.

आता वजन. कॉलेजात आपल्याकडे चाकांखाली ठेवायचे चार छोटे काटे होते. मी कुठून आणू? मग कंपनीच्या बसमधून जाता-येता रोज दिसणारा चाकणच्या मार्केट यार्डाचा वजनकाटा आठवला. काल पहिली शिफ्ट सुटल्यावर तळेगावच्या सिटीवाल्याला तिथेच बोलावलं. रंगराव नाव, अंगाने चांगलेच भरलेले. आल्या आल्या म्हणाले, "आधीच सांगतो, आज धनत्रयोदशी. आज लक्ष्मी घरात घ्यायची असते, बाहेर काढायची नसते. आज फक्त दाखवणार."

काट्यापुढे कांद्याच्या ट्रकांची रांग. आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "माल काय?"

"माल नाही. गाडीचंच वजन करायचंय. आधी पुढची चाकं, मग मागची."

आता त्याने मान वर केली. "अर्धी गाडी? अर्धी विकतोयस का भावा?"

मी म्हणालो, रंगरावकाका, तुम्ही जरा उतरा. ते उतरेनात. "मी उतरलो आणि तू पळवलीस तर?"

"कुठे पळवू? मागे कांद्याचे चार ट्रक, पुढे दोन."

"मी बसूनच राहणार. माझं वजन बहात्तर. ते वजा कर."

मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायला लागले तेव्हा खिडकीतला माणूस ओरडला, "ओ काका, उतरा, दिवाळी इथंच करायची का?" मग उतरले. काटा दहा-दहा किलोने मोजतो. काका गाडीत असताना आणि उतरल्यावर फरक पडला एकशे दहाचा. काकांनी लाल आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दिवाळीचा फराळ." फराळ अजून कुणाच्या घरी डब्याबाहेर आलेला नव्हता.

पुढे सहाशे साठ, मागे तीनशे नव्वद. पावती सोबत जोडली आहे, बघ. त्यांच्या कॉम्प्युटरला दुसरं काही येत नाही. माल: कांदा. वजन: १०५० किलो.

आता मला हे सांग. मागचं सीट काढलं की मागचा भार अजून कमी होणार. मग जोरात वळताना पकड आधी कुठल्या चाकांची सुटेल? मामा म्हणतो मागच्या, हलकी बाजू आधी घसरणार. मला वाटतं पुढच्या, कारण ओझं त्यांच्यावर, वळवायचं त्यांनी आणि ओढायचंही त्यांनीच. कालपासून आम्ही यावरून वाद घालतोय. आई म्हणते, जेवताना तरी गाडी घराबाहेर लावा.

सिटीचं इंजिन बरं आहे, पण जड आहे आणि खालून गंजलीय. नको म्हणतोय मी. अजून बघतो.

तुझ्या कार्डाखाली जागा बरीच मोकळी होती.

गणराज


दापोडी
रविवार, २ नोव्हेंबर

निशिगंधा,

"पुढच्या चाकांची. किसनची एस्टीम विकायला आहे हे तुला माहीत आहे. ती का बघितली नाहीस?"

पहिल्या दोन शब्दांनी मी मामावर जिंकलो. बाकीच्या ओळींनी माझं डोकं फिरलं. तुला काय करायचंय? मी कुठली गाडी बघावी, कुठली नाही, हे तू कोइमतूरला बसून ठरवणार? असं दीड पान लिहिलं होतं. फाडलं. मग एस्टीम का नको याची पाच कारणं लिहिली. जुनी आहे, पार्ट मिळत नाहीत, वगैरे. पार्ट मिळतात. मामाकडेच माळ्यावर पडलेत. तेही पान फाडलं.

खरं असं आहे की मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक गाडी त्या एस्टीमशीच ताडून बघतोय. २००३ची, आजोबांच्या नावावर, एकाच घरात राहिलेली. सिटीपेक्षा दीड-दोनशे किलोने हलकी. मागचं सीट किसनने केव्हाच काढलंय. गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा अर्धा वेल्ड करून झालाय, त्याच्या नळ्या कापताना दुसरं टोक मी धरलं होतं आणि तू मापं सांगत होतीस. आपण तिघांनी कँटीनच्या टेबलावर कागद पसरून ठरवलेली गाडी आहे ती. दीड लाखात याहून चांगली गाडी या पट्ट्यात नाही. आणि किसन ती विकतोय, कारण त्याचं मनगट स्टिअरिंगबरोबर फिरत नाही.

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती पळालीय? मीटर मागे फिरवलेलं असणार हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. मलाही इथे सगळे तसंच विचारतात, कॉलेज का सोडलं? आणि मीही फिरवलेलं मीटर दाखवतो. टीममध्ये राजकारण होतं, मला सहन झालं नाही. मामाला हेच सांगितलंय. आईलाही. आई अजून परत प्रवेशाचा अर्ज देवाजवळ ठेवून बसली आहे.

तर आता खरा आकडा.

नियम तूच केला होतास. ज्याने बोल्ट आवळला त्याने पिवळ्या पेनाने रेघ मारायची, बोल्टाच्या डोक्यावरून खाली पत्र्यापर्यंत. मग तू टॉर्क रेंच लावून बघायचीस, बोल्ट पुरेसा आवळलेला असला की 'टक्' वाजायचं, मग शेजारी पांढरी रेघ. पुढच्या चाकांवर पिवळी माझी, पांढरी तुझी. त्या दोन रेघा शेजारी शेजारी बघायला मला किती आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही, तरी सांगितलं.

त्या सकाळी पुढच्या डाव्या चाकाजवळ मी तुला विचारलं. जागा चुकली, वेळ चुकली, कोपरापर्यंत ग्रीस होतं. तू म्हणालीस, "आधी ब्रेकचे ते दोन बोल्ट पूर्ण कर, मग बोलू." मला ऐकू आलं ते 'नाही'. मी पाना फेकला. बोल्ट बोटांनी फिरवून बसवले होते, तेवढ्यावरच दोन पिवळ्या रेघा ओढल्या आणि चहाला निघून गेलो. मनात एवढंच होतं की ही आता रेंच लावेल, सैल निघाले की चिडेल, आणि स्वतः आवळत बसेल. तुला त्रास व्हावा एवढीच इच्छा होती. तास-दोन तासांचा त्रास.

मग तू पांढऱ्या रेघा मारल्यास, कागदावर सही केलीस, किसन गाडीत बसला, आणि ब्रेक दाबल्यावर त्या बोल्टांवरचा कॅलिपर, ब्रेकचा चिमटा, सुटून चाकात अडकला. स्टिअरिंग त्याच्या हातात असताना गरकन फिरलं.

मी ओरडलो ते खोटं ओरडलो नाही. मला त्या क्षणी खरोखर वाटलं, हिने बघितलं कसं नाही! माझं मी नंतर आठवलं, आणि आठवल्यावर आठवड्याभरात कॉलेज सोडलं.

इथे कंपनीत रेंचला वायर आहे. बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही आणि हिरवा दिवा लागल्याशिवाय लाइन पुढे सरकत नाही. पहिल्या आठवड्यात मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. इथे माझ्या रागाला काही विचारतच नाही कुणी.

पण एक गोष्ट मला नऊ महिने कळलेली नाही. तू पेन्सिलीचं टोकसुद्धा दोनदा तपासतेस. मग रेंच न लावता पांढरी रेघ तू मारलीस कशी?

रावेतला जातो. या रविवारी नाही, पुढच्या.

गणराज


दापोडी
रविवार, १६ नोव्हेंबर

निशिगंधा,

गेलो होतो. आज सकाळी. आधी गाडीचं सांगतो, तेवढं मला धड सांगता येईल.

फाटकाशी किसनचे आजोबा, आबाजी, बाजेवर बसले होते. चहूबाजूंनी बारा मजली सोसायट्या आणि मधे यांचा गोठा. मला बघून म्हणाले, "कोन पायजे?"

"किसन आहे का? मी गणराज, दापोडीचा. गाडी बघायला आलोय."

"आरं मंग बघ की. गाडी काय पळून जाती व्हय?"

बेल्ट शेवटपर्यंत ओढले, चारही कोरे. तेलाचं झाकण उघडलं, आत पांढरी साय नाही, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नाही. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं, फक्त मागच्या डाव्या दारावर सरकून खाली पडलं, म्हणजे तिथे पत्र्याखाली पुट्टी. मी काही विचारायच्या आत आबाजीच म्हणाले, "थितं म्हशीनं शिंग मारलं हुतं. भरून घेतलंय." महिन्याभरात मला भेटलेला हा पहिला विकणारा, ज्याने ना डॉक्टर पुढे केला, ना फराळ. इंजिन सुरू केलं. एका हाकेला. निशिगंधा, गाडी अशी आहे की काही बोलू नये.

मग किसन बाहेर आला. "आलास व्हय," म्हणाला.

"आलो."

"महिनाभर गिऱ्हाइकं परत पाठवतोय. ती म्हणाली, तो येईल, थांब. मी म्हणालो, तो कसला येतोय. पैज हरलो तुझ्यामुळे."

मी जे पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "ते दोन बोल्ट मी आवळलेच नव्हते. रेघा खोट्या होत्या."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"हॉस्पिटलात पहिल्याच संध्याकाळी सांगितलं तिने. अपघातानंतर दुसऱ्या बोल्टाला हात लावला तर बोटाने फिरत होता. म्हणाली, मी रेंच लावलाच नाही. शेवटची दहा मिनिटं उरली होती, चार बोल्ट बघायचे होते, पुढचे दोन आणि मागचे दोन, त्यातले दोनच बघून होत होते. पिवळी रेघ गण्याची दिसली. डोक्याने तिरका आहे, पण बोल्ट अर्धा सोडणारा माणूस नाही, म्हणून त्याचे दोन तसेच सोडले."

मी गोठ्याच्या कठड्यावर बसलो. एक म्हैस माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

किसन म्हणाला, "तू आवळले नाहीस, तिने बघितले नाहीत. माझ्या हाताला दोघं सारखेच. पण ती वीस दिवस डबा घेऊन यायची. तू कुठं होतास रे?"

मी म्हणालो, "तिने कॉलेजला माझं का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं. म्हणाली, माझं मी सांगितलंय. त्याचं त्याने सांगायचं."

मग मी, गाढवासारखा, गाडीच्या किमतीचं विचारलं. दुसरं काही सुचेना. किसन हसला, चांगलं हसला नाही. "मला विकायला हरकत नाही. पण गाडी आबांच्या नावावर आहे, फॉर्मवर सही त्यांची लागते. त्यांना वाटतं माझा हात नशिबाने मोडला. तेवढं आधी त्यांना सांग. मग घे."

तिथून निघून जाता आलं असतं. फाटक उघडंच होतं. पण गाडी समोर उभी होती, आणि खरं सांगतो, गाडी नसती तर मी थांबलो असतो का, मला माहीत नाही. बाजेसमोर उभा राहिलो आणि आबाजींना सगळं सांगितलं. बोल्ट, रेघ, चहा. तुझं नाव घेतलं नाही. एका मुलीवर चिडलो होतो, एवढंच म्हणालो.

 आबाजी किसनला म्हणाले, "हिकडं ये. फिरव मनगट." त्याने फिरवलं. अर्ध्यात थांबलं.

"बघितलंस? बैलगाड्याच्या शर्यतीला घाटात माझा बैल ह्याच्याबिगर कुनाला हात लावू देत नव्हता. आता कासरा धरता येत न्हाई ह्याला. म्या बैल इकला. इकला तवा वाटलं, नशीब." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नशीब न्हवतं. तू हुतास व्हय."

मी मान खाली घातली.

"गाडी न्हाई देनार तुला. बस, चा पिऊन जा."

प्यायलो. किसनच्या आईने आणून दिला, साखर किती हे विचारून. तो चहा कसा संपवला ते विचारू नकोस.

गाडी हातची गेली. मला राग यायला हवा होता. कपाळाची ती शीर उडते ना, तुला माहीत आहे, तिची वाट बघत मी रावेतपासून दापोडीपर्यंत बसमध्ये उभा होतो. उडली नाही.

तुझ्या पांढऱ्या रेघेचं मला आता कळलं. नऊ महिने मी समजत होतो की तू बेफिकीर होतीस. मी शंभर कारणं शोधली होती. हे एक माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्यात मी तुला बरा माणूस वाटायला हवा होतो.

गणराज


दापोडी
रविवार, ३० नोव्हेंबर

निशिगंधा,

सोबत एक झेरॉक्स आहे, ती आधी वाच. कॉलेजच्या विभागप्रमुखांना मी दिलेलं निवेदन. खाली माझी सही आहे आणि त्यांच्या ऑफिसचा शिक्का. त्या दिवशीच्या अहवालात 'तपासणीतील निष्काळजीपणा' एवढंच कारण लिहून तुला टीममधून काढलं होतं. आता त्यात माझं नाव आणि माझं काम दोन्ही जोडलं जाईल, असं ते म्हणाले. तुझ्या वाट्याचं मी पुसायला गेलो नाही. तू ते पुसू दिलं नसतंस.

त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे आत्ता का?"

मी म्हणालो, "सर, आधी गाडीसाठी निघालो होतो. गाडी तर गेली. पण निघालो होतो म्हणून आलो." त्यांना काही कळलं नसावं. परत प्रवेशाचं म्हणशील तर या वर्षी तरी नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मी घरी येऊन आईला खरा आकडा सांगितला. दोन दिवस तिने माझं ताट नुसतं वाढून झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी अर्ज देवाजवळून उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "त्या पोराच्या हाताला आता काय करतात?" मामा म्हणाला, "मला वाटलंच होतं. राजकारण करायला अक्कल लागती, ती तुझ्यात न्हाई."

एस्टीम नाशिकच्या एकाने नेली. किसनने फोटो पाठवला, टेम्पोवर चढवतानाचा. खाली लिहिलं, 'जळ.' जळलो.

काल दुपारी मात्र तो गॅरेजवर आला. मी गाडीखाली होतो. फक्त त्याच्या चपला दिसल्या.

"आबा नाही म्हणाले म्हणजे नाही," चपला म्हणाल्या. "पण भोसरीला एक झेन आहे. बघायला चल. एकटा गेलास तर परत कुणाची तरी कॉलर धरशील."

मी बाहेर आलो. "तू का येतोस?"

"गाडी माझी गेली, हात माझा गेला. निदान फुकट करमणूक तर होईल."

गेलो. झेन हलकी होती, इतकी की वजनकाट्याला कळेल का शंका. पण चेसिस नंबरजवळचा पत्रा नवा होता, म्हणजे जुना नंबर कापून दुसरा जोडलेला, आणि किसनने तो बोटाने ठोकून आवाजावरूनच ओळखला. मी चुंबक शोधत बसलो होतो. नाही घेतली. परतताना नाशिक फाट्याला वडापाव खाल्ला. त्याने डाव्या हाताने खाल्ला. मी बघितलं, त्याने बघितलं की मी बघितलं.  पुढच्या रविवारी मोशीला एक बलेनो आहे. डिसेंबर हुकला. पुढचा ट्रॅकचा दिवस फेब्रुवारीत आहे म्हणतात. तोवर मिळेल, नाहीतर त्याच्या पुढचा.

तुला आणखी एक सांगायचं आहे. त्या सकाळी पुढच्या चाकाजवळ जे विचारलं होतं, ते मी मागे घेतो. मला वाटत नाही म्हणून नव्हे. वाटतं, सकाळ-दुपार-शिफ्टमध्ये वाटतं, त्याला माझा इलाज नाही. पण तू त्याचं उत्तर देणं लागतेस, असं मी नऊ महिने धरून बसलो होतो, आणि त्याच जोरावर तुला पत्रं पाठवत होतो. तू मला काही देणं लागत नाहीस.

आज आधीच्या पत्रांचं आठवत बसलो. चार पत्रांत मी तुला टायर विचारले, वजन विचारलं, कुठलं चाक आधी सुटतं ते विचारलं. तू तिथे सहा महिन्यांसाठी गेलीस ती नेमकं काय करायला, हे एकदाही विचारलं नाही. दिव्याला विचारलं. ती म्हणाली, टायर तपासण्याच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर फिरणाऱ्या ड्रमवर टायर झिजवते आणि वहीत लिहिते. म्हणाली, केसांना रबराचा वास येतो म्हणून रोज वैतागते.

मला त्यातलं काही माहीत नाही. टायर फाटायच्या आधी काही कळतं का? आवाज बदलतो, का वास? ड्रमजवळ उभं राहू देतात, का काचेपलीकडून बघायचं? तू एकटी असतेस, का बरोबर कुणी आहे? तिथली भाषा थोडी तरी यायला लागली का? दुपारी जेवतेस काय?

यातलं गाडीसाठी काही नको आहे. वाटलं तर सांग, मोठं कार्ड घे.

गणराज